दार लोटून विचारायचं

बाई, उद्या गुरुवार. उद्या दुपारच्या सभेत तुमचा नियम काढून टाकायचा ठराव येणार आहे, आणि काही झालं तरी मी तो पास होऊ देणार नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून जेवणाची भांडी आवरून, पोरं शाळेतून यायच्या आत लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मधे लढाई येऊन गेली, साखर अजून रेशनवरच मिळते, इंग्रज जाणार जाणार म्हणतात आणि जात काही नाहीत. आपलं मंडळ मात्र चालू आहे. शिवणवर्ग आहे, बाळंतिणींना दूध आहे, आणि घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला जाणंही आहे. फक्त आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. तुमच्यासारखी ताठ नाही बसता येत, कंबर दुखते.

ठराव मांडणार आहेत धरमपेठेतल्या एक वकिलीणबाई. बाई वाईट नाहीत, कामाला वाघ आहेत. पण मागच्या सभेत म्हणाल्या, "आपण सेवा करायला जातो की झडती घ्यायला? घरात शिरायचं, घरच्यांना बाहेर बसवायचं, दार लोटून घ्यायचं आणि म्हाताऱ्यांना विचारायचं, तुम्हाला कुणी त्रास देतं का! चांगल्या घरची माणसं दुखावतात." निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. तीन घरांनी तर आम्हाला येऊच नका म्हणून निरोप पाठवला आहे. माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी भर सभेत म्हटलं, "चांगल्या घरच्याच दाराले जाड कड्या असतात वं बाई, झोपडीले कुठून येणार?" सगळ्या हसल्या. तुम्ही असता तर आधी माझ्या 'दाराले'वर टोकलं असतं, मग वकिलीणबाईंना उत्तर दिलं असतं. तुम्ही सहा वर्षं मला शाळेत शिकवलंत, पुढे मंडळात आणलंत, पण राग आला की माझी बोली इतवारीच्या बाजाराला पळते ती पळतेच.

पण नुसत्या टोमण्यांनी ठराव पडत नाही. हा नियम कसा झाला ते ठाऊक असलेली मंडळात आता मी एकटीच उरले आहे. जुन्या काही गेल्या, काही मुलांकडे दुसऱ्या गावी आहेत. उद्या मला ते सांगावं लागेल, आणि त्यात माझं फार काही चांगलं दिसत नाही.

तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची, नवी नवरी, अक्षर मोत्यासारखं म्हणून तुम्ही मला इतिवृत्त लिहायला बसवलेली. तेव्हाचा तुमचा नियम वेगळाच होता. आठवड्यात जिनं जे पाहिलं ते लिहून काढायचं आणि गुरुवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. "लपवून केलेलं काम सडतं," असं तुम्ही म्हणायचात. मला तो नियम भारी आवडायचा, कारण वाचायची मी, आणि माझा आवाज खणखणीत. आपण म्हाताऱ्यांना भेटायला जायचो तेही राजरोस. आधी निरोप पाठवायचा, मग पाच-सहा जणी जायच्या, दिवाणखान्यात बसायचं, फराळ व्हायचा, आणि घरची सून आजींना नेसवून-सवरून आणून बसवायची. आपण विचारायचो, "बऱ्या आहात ना?" त्या म्हणायच्या, "हाव, बरी हाय." आपण हळदीकुंकू घेऊन उठायचो. आता आठवलं की हसूही येतं आणि रागही येतो. सून शेजारी पदर सावरत बसलेली असताना कोणती सासू सांगणार आहे की मी बरी नाही!

इतवारीत भांड्यांच्या गल्लीत आपल्या एका सभासद बाईंचं घर होतं. पुढे पितळी भांड्यांचं दुकान, मागे घर. नवरा शेठ माणूस, गल्लीत वजन असलेला. त्या दिवशी आम्ही गेलो आणि सगळ्या दिवाणखान्यात बसल्या असताना मला पाणी प्यायला मागे जावं लागलं. तिथे एका खोलीला बाहेरून कडी होती आणि आतून ठण ठण आवाज येत होता. समोर गल्लीत भांडी ठोकणाऱ्यांचे हातोडे दिवसभर चालायचे, त्यात तो आवाज कुणाला ऐकू येणार? मी कडी काढली. शेठची आई, सत्तरीच्या पुढची, भिंतीला टेकून बसलेली, हातात पितळेची ताटली. म्हणजे दिवाणखान्यात त्या दिवशी आजींना का आणलं नव्हतं, 'त्या झोपल्या आहेत' का म्हटलं होतं, ते कळलं. मला म्हणाल्या, "तू कोन वं? पानी आनलं काय?" मी माझंच पाणी दिलं. पिऊन झाल्यावर मनगटाला धरून म्हणाल्या, "दुपारची मले कोंडून ठेवते वं माय. पानी पाहिजे तं ताटली वाजवा लागते. जास्त वाजवली का मंग जेवन नाई भेटत." दोन्ही मनगटांवर काळेनिळे वण होते. मी विचारलं, हे काय, तर हात पदराखाली घेतले.

मी घरी आले ती तणतणतच. रात्रीचा स्वयंपाक सासूबाईंवर टाकून सगळं लिहून काढलं, शब्द न् शब्द. नाव लिहिलं नाही, इतकी अक्कल मला होती. पण गुरुवारी मी खणखणीत आवाजात वाचलं की एका घरात एका वृद्ध मातेला पाण्यासाठी ताटली वाजवावी लागते आणि हातोड्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकू येत नाही. मंडळात भांड्यांच्या गल्लीतल्या एकच बाई होत्या, आणि त्या दुसऱ्या रांगेत बसलेल्या. सगळ्या माना तिकडे वळल्या. मला वाटलं, छान झालं, चारचौघींत लाज वाटेल आणि सुधारतील. त्या बाई हसल्या, पानसुपारी घेतली, आणि वेळेवर घरी गेल्या. मी त्या दिवशी फार खुशीत होते, बाई. तुमच्याकडे पाहिलं, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही टेबलाकडे पाहत होता.

चार दिवसांनी त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी बाई आपल्या दूध वाटपाच्या रांगेत आली. नात झाली होती तिला. हळूच म्हणाली, "त्या म्हातारीची ताटली काहाडून घेतली वं बाई. आता आवाजच नाई येत. मले बी मांगच्या खोलीकडे जाऊ देत नाईत." माझ्या हातातलं दुधाचं माप तसंच राहिलं. मी धावत तुमच्याकडे आले, तुम्ही शाळेत वह्या तपासत होता. सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "तिनं ते तुला सांगितलं होतं. इतरांना सांगू का, असं तू तिला विचारलंस?" मी म्हटलं, "पण बाई, मी तर तिच्या भल्यासाठी..." तर तुम्ही म्हणालात, "भल्यासाठीच कोंडलं असंही तिची सून म्हणत असेल." मी रडले. तुम्ही डोळे पुसायला रुमालही दिला नाहीत. वही मिटलीत आणि म्हणालात, "मोठ्यानं वाचायचा नियम माझा होता. निम्मी चूक माझ्याकडे. चल, उठ. उद्यापासून शिवणवर्ग इतवारीत भरेल."

मला वाटलं तुम्हाला वेड लागलं. पण दुसऱ्या दिवशी खरंच तुम्ही आठ जणींना घेऊन त्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसलात. सतरंजी अंथरली, जुनी लुगडी पसरली आणि गोधडी शिवायला घेतली. लग्नसराई तोंडावर आलेली, दुकानात लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या माणसांची ही गर्दी! हातगाडीवाले ओरडत होते, "बाजूले व्हा ना बाई!" आणि आपण पाय आवरून घेऊन टाके घालत होतो. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हे काय हो, इथे काहून बसल्या तुम्ही?" तुम्ही आम्हाला बजावलं होतं, एकच उत्तर द्यायचं आणि एक शब्द जास्त बोलायचा नाही. "इथल्या आजींना भेटायला आलो आहोत. त्यांना सवड झाली की भेटू." बस. ताटली नाही, कडी नाही, वण नाहीत. माझ्या जिभेवर सगळं येऊन थांबायचं आणि तुम्ही सुई वर करून माझ्याकडे पाहायचात.

पहिल्या दिवशी शेठ हसले. दुसऱ्या दिवशी चहा पाठवला, तो तुम्ही परत पाठवलात. तिसऱ्या दिवशी हात जोडून आले, "बाई, कायले आमची इज्जत काढून राहिले तुम्ही? आई झोपली हाय." तुम्ही म्हणालात, "झोपू द्या. आम्ही बसलो आहोत." पाचव्या दिवशी एक नवरीची आई घेतलेली परात परत ठेवून शेजारच्या दुकानात गेली. सहाव्या दिवशी तुमची पाठ धरली तर तुम्ही उभ्यानं शिवलंत. माझी सासू म्हणायची, सून बाजारात बसते, लोक काय म्हणतील, आणि मी म्हणायचे, म्हणू द्या. त्या आठवड्यात मी जितकी हट्टी होते तितकी त्याआधी कधी नव्हते. माझ्या वाचण्यानं तिची ताटली गेली होती, ती आता मलाच परत आणून द्यायची होती.

नवव्या दिवशी गोधडी पुरी होत आली आणि शेठ बाहेर येऊन म्हणाले, "या आत." मी उठले, तर तुम्ही मला हातानं खाली बसवलंत. एकट्या आत गेलात. सुनेला म्हणालात, "तुम्ही बाहेर थांबा," आणि दार लोटून घेतलंत. आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. त्या वेळात मी दहा टाके उसवून पुन्हा घातले. बाहेर आलात तेव्हा फक्त म्हणालात, "मी त्यांना विचारलं. त्या आपल्याबरोबर येतो म्हणतात." तुमच्यामागून आजी आल्या, भिंत धरत धरत, भर दुकानातून, गिऱ्हाइकांच्या मधून. उंबऱ्याशी थांबल्या आणि एवढ्या मोठ्या शेठला म्हणाल्या, "माह्या वहाणा दे गा." शेठ वाकले. शोधून आणल्या आणि आईच्या पायापाशी ठेवल्या. आजींनी पायात घातल्या आणि त्याच्याकडे न पाहता ओटा उतरल्या. गल्लीतले ठोकणारे हातोडे धरून पाहत बसले होते.

तुम्ही त्यांना शाळेमागच्या तुमच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलंत. तीन वर्षं राहिल्या. 'मी काय म्हणून यांना आणलं' असं तुम्हालाच कधी वाटलं असेल, कारण तुमचा स्वयंपाक म्हणजे आनंदच होता आणि आजी तोंडाच्या फटकळ. "हे वरन हाय का वरनाचं धुवन?" असं त्या तुम्हाला, एवढ्या मोठ्या बाईंना, विद्यार्थिनींसमोर विचारायच्या. मग स्वतःच चुलीपाशी बसून तुमच्यासाठी झणझणीत झुणका करायच्या. लेक एकादशीला संत्री घेऊन यायचा, त्याला अर्धा अर्धा तास अंगणात उभा ठेवायच्या, मग आत बोलवायच्या. सून आली नाही. ती मंडळही सोडून गेली. एकदा मला बाजारात भेटली, म्हणाली, "म्हातारी दोनदा हरवली होती, रेल्वे टेसनापर्यंत गेली होती. एक दिवस तुम्ही सांभाळून पाहा." तेव्हा मी तोंड फिरवलं. आज मी तसं करणार नाही, थकली होती ती. पण कडी ती कडीच, आणि ते वण कुठून आले हे तिनं कधी सांगितलं नाही. आजींना आणलंत त्याच वर्षी मोठ्यानं वाचायचा नियम तुम्ही स्वतः खोडलात आणि दार लोटून विचारायचा नियम माझ्या हातानं लिहून घेतलात.

इथवर मी उद्या सांगू शकते. आजींनी मला परवानगी दिली होती, जाण्यापूर्वी. म्हणाल्या होत्या, "सांग वं, कोनाची तरी कडी निघन." अडचण पुढे आहे. वकिलीणबाई म्हणतील, ती एक अडाणी सून, एक गल्ली, पण शिकल्यासवरल्या घरांत कशाला? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते तुम्ही आहात, बाई.

गुडघे गेल्यावर तुम्ही धरमपेठेत पुतण्याकडे राहायला गेलात. नवं घर, पुढे बाग, पुतण्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. मी सक्करदऱ्याच्या आमच्या घरून टांगा करून यायचे, आधी दर महिन्याला, मग तीन पोरांच्या खस्तांत दोन-दोन महिन्यांनी. शेवटची आले तेव्हा तुमच्या पुतसूनबाईंनी माझं काय आगत केलं! चिवडा, लाडू, सोललेली संत्री, आणि स्वतः आपल्या दोघींच्या मधली खुर्ची घेऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. तुम्ही वाळला होता. खिडकीत वर्तमानपत्र होतं, घडीही न मोडलेलं. मी विचारलं, "बाई, चष्मा कुठे?" तुम्ही तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "दुरुस्तीला दिलाय हो. यांना वाचून डोळे दुखतात, रात्र रात्र दिवा जाळतात." दिवसातून चार तास वाचणाऱ्या तुम्ही. तुम्ही म्हणालात, "सगळं छान आहे. हिचं फार लक्ष असतं." मी लाडू खाल्ला. उठताना तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "दार लोटायचा नियम चालू आहे ना मंडळात?" मी म्हटलं, "हो बाई, अगदी काटेकोर." आणि टांग्यात बसले.

तुम्ही मला दार लोटायला सांगत होता, आणि मी नुसतं उत्तर दिलं! दीड महिन्यानं तुम्ही गेलात. पुतसूनबाईंनी तुमच्या वस्तूंचं गाठोडं मंडळाकडे पाठवलं, त्यात चष्मा होता. काच धड, दांडी धड, कुठे ओरखडाही नाही. मी तो उलटसुलट करून पाहिला, दुरुस्तीची खूण कुठेच सापडली नाही. त्यांनी तुमच्याशी आणखी काय काय केलं किंवा नाही केलं, मला माहीत नाही. विचारायचं ते माणूस गेलं होतं.

आता ही गोष्ट मी भर सभेत सांगितली तर ठराव जागच्या जागी पडेल. नियमानंतर आलेल्या, पण तुम्हाला ओळखणाऱ्या चार जणी अजून आहेत, त्या ढसाढसा रडतील. पण तुमचं दुःख तुम्हाला न विचारता मोठ्यानं वाचायचं म्हणजे मी पुन्हा तीच वीस वर्षांची खणखणीत पोर झाले. चार दिवस ह्याच विचारात भाजी करपवते आहे. शेवटी आज सकाळी ठरलं. तुमचं नाव नाही, धरमपेठ नाही, चष्मा नाही. ते तुमचं, ते तुमच्याजवळ. मी फक्त माझं सांगणार. मंडळाची अध्यक्षीण, नियम जिच्या अक्षरात लिहिलेला, ती एका माणसाकडे गेली, तिला सगळं दिसलं, आणि समोरच्या बाईला 'जरा बाहेर थांबता का' एवढं म्हणायची तिची जीभ उचलली नाही, कारण घर चांगलं होतं आणि लाडू चांगले होते. नियम कशाला हवा, तर माझ्यासारख्यांसाठी हवा. ज्यांना ऐन वेळी लाज वाटते, त्यांच्या तोंडी तयार वाक्य असावं म्हणून. वकिलीणबाईंनी हवं तर ठरावावर माझ्यासमोर सही करावी. मी हलणार नाही. नऊ दिवस ओट्यावर बसलेली बाई आहे मी.

पोरं येतील आता. हे कागद इतिवृत्तात जाणार नाहीत, कुणी वाचणारही नाही. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी उद्या मी सांगणार आहे त्यात नाही. मला लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही, हे अर्धंच खरं आहे. दार लोटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मला इथून घेऊन चल." तुम्ही आजींना नेलंत तसं मला तुम्हाला न्यावं लागलं असतं. टांग्यात बसल्या बसल्या मी स्वतःशी म्हणत होते, आमच्याकडे जागा कुठे आहे. जागा होती, बाई. मागची खोली रिकामी होती.